खुराक कुणाचा?

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा धाराशिवात भरला. श्री तुळजाभवानी क्रीडा संकुलात माती आणि गादी, दोन्हींवर कुस्त्या झाल्या आणि शेवटी शिवराज राक्षेने गदा खांद्यावर घेतली. कुस्ती गावात आली की बोलणं हमखास एका गोष्टीवर येतं : पैलवान खातो काय? दूध किती, बदाम किती, थंडाईत काय काय घोटतात, तूप म्हशीचं की गाईचं. खुराक हा शब्द आपल्याकडे पैलवानाचा आहे. घरातला पोरगा तालमीत जायला लागला की दावणीला दुभती म्हैस येते, आई लोण्याचा गोळा बाजूला काढून ठेवते, आणि त्याच्या वाटच्या दुधाला हात लावायचा नाही हे घरातल्या धाकट्यांनाही न सांगता कळतं.

याच गावात रोज संध्याकाळी खो-खोच्या मैदानावर मुली पळतात. या जिल्ह्याने खो-खोला ज्या खेळाडू दिल्या, त्यांची नावं देशभर माहीत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. पण मैदानावरून घरी परतणाऱ्या मुलीच्या जेवणाला खुराक म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. ती फक्त जेवते, तेही घरातल्या सगळ्यांबरोबर किंवा सगळ्यांनंतर.

सारिका काळे यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. धाराशिवची ही खेळाडू भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या संघाने सुवर्णपदक मिळवलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. तेव्हा पत्रकारांशी बोलताना तिने जे सांगितलं त्यात पदकांपेक्षा जेवणाचा विषय मोठा होता. जवळजवळ दहा वर्षं आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, असं ती म्हणाली. घरची परिस्थिती बेताची, वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारसं काम करता येत नसे, आई शिवणकाम आणि घरकाम करायची. चांगलं खायला मिळायचं ते सराव शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर. २०१६ मध्येच, घरच्या ओढाताणीने खचून तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत काढली आणि ती मैदानावर परतली. पुढे ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला त्यातलं एक वाक्य सोडवत नाही : चांगलं जेवण शिबिरात मिळायचं. शिबिर दहा-पंधरा दिवसांचं. उरलेले साडेतीनशे दिवस शरीर घरच्या ताटावर चालतं. एका जेवणावर दहा वर्षं खेळलेली मुलगी देशाची कर्णधार होते, हे पाहून उपाशीपोटीही खेळता येतं असा अर्थ कुणी काढू नये. त्याच परिस्थितीत किती मुली पंधराव्या-सोळाव्या वर्षी मैदान सोडून गेल्या असतील, याची नोंद कुठल्याच पदकतालिकेत नसते.

म्हणून या प्रकरणात प्रथिनांच्या भुकटीच्या महागड्या डब्यांचा विषय जवळजवळ नाही. धाराशिवच्या शेतात आणि स्वयंपाकघरात जे आहे त्यावर खेळाडूचं शरीर उभं राहतं का, एवढंच पाहायचं आहे. उत्तर आधीच सांगतो : राहतं. आपल्याकडे पदार्थ कमी नाहीत. चुकतं ते त्यांचं माप आणि त्यांची वेळ.

आधी मैदानावर काय होतं ते पाहू. खुल्या गटाच्या पारंपरिक सामन्यात दोन डाव असतात आणि प्रत्येक डावात ९ मिनिटं पाठलाग, ९ मिनिटं संरक्षण. ९ मिनिटं म्हणजे काही फार नाही, असं बाहेरून वाटतं. पण त्यात सरळ धावणं कमीच. बसलेली मुलगी ‘खो’ मिळताच उठते, चार पावलांत पूर्ण वेग गाठते, खांबाला वळसा घालते, सूर मारते, पुन्हा बसते. संरक्षण करणारी तर दर दोन-तीन पावलांना दिशा बदलते. अशा झटक्याच्या हालचालींना लागणारं इंधन स्नायूतच साठवलेलं असतं. पहिल्या काही सेकंदांचं काम क्रिएटिन फॉस्फेट भागवतं आणि मग मुख्य भार येतो ग्लायकोजेनवर. ग्लायकोजेन म्हणजे आपण खाल्लेल्या भाकरी-भातातल्या पिष्टाची शरीराने केलेली साठवण. मोठ्या माणसाच्या स्नायूंत मिळून ते ३०० ते ५०० ग्रॅम मावतं आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम. ही कणगी भरलेली असली तर दुसऱ्या डावातही पाय उचलतात. ती रिकामी असेल तर बुद्धीला वळायचं कळतं, पाय वळत नाहीत. गुडघा आणि घोटा दुखावण्याची भीती अशा थकलेल्या क्षणी जास्त.

ही कणगी भरते कशी, हे शोधणाऱ्या दोन स्वीडिश शास्त्रज्ञांची हकिगत मला फार आवडते. १९६६ मध्ये योनास बेरिस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला. एका सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारलं, स्नायू पार रिकामा होईपर्यंत. दुसरा पाय स्वस्थ. नंतर तीन दिवस भरपूर पिष्टमय अन्न खाल्लं आणि मांडीत सुई घालून स्नायूचे बारीक तुकडे तपासले. अन्न एकाच तोंडाने खाल्लेलं, रक्त एकच, पण दमलेल्या पायात साठा स्वस्थ पायापेक्षा दुपटीच्या आसपास गेला. म्हणजे खेळून दमलेला स्नायू अन्न मागून घेतो, आणि नेहमीपेक्षा जास्त साठवायला तयार असतो. अट एकच, त्याला अन्न मिळालं पाहिजे. सराव म्हणजे नांगरट. नांगरून ठेवलेल्या रानात पेरलंच नाही तर त्या मेहनतीचं काय होतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

आता माप. रोज तासभर मध्यम सराव असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं आणि १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं असावीत, असं क्रीडा पोषणाचे जाणकार सांगतात. ५० किलो वजनाची मुलगी धरू. तिला साधारण २५० ते ३५० ग्रॅम कर्बोदकं हवीत आणि ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. हा हिशेब आपल्या ताटावर मांडला तर? १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात. ७० ग्रॅम पिठाच्या पाच भाकरी दिवसभरात खाल्ल्या तर ३५ ग्रॅम प्रथिनं झाली आणि जवळजवळ २४० ग्रॅम कर्बोदकं. दोन वेळच्या वरण-उसळीत मिळून ६० ग्रॅम डाळ-कडधान्य गेलं तर आणखी १३ ग्रॅम प्रथिनं. चटणीत, भाजीच्या कुटात आणि मूठभर भाजून असे ४० ग्रॅम शेंगदाणे, त्यांचे १० ग्रॅम. दीड पेला दूध, त्याचे १० ग्रॅम. बेरीज ६८. अंडं खाणाऱ्या घरात एक अंडं घातलं की सत्तरी ओलांडली. कर्बोदकं तीनशेच्या जवळ आपोआप गेली.

यात एकही पदार्थ बाहेरून मागवलेला नाही. मग अडतं कुठे? अडतं पाच भाकरींवर. पोरगी तिसरी भाकरी घेऊ लागली की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘‘किती खातीस गं?’’ भाऊ चौथी घेतो तेव्हा आजी त्याच्या ताटात तुपाची धार सोडते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण मुलीचा हात मागे जातो आणि तो कायमचा मागे जातो. त्यामुळे प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, पालकसभेत सगळ्यात आधी हा पाच भाकरींचा हिशेब सांगा. फळ्यावर लिहून सांगा. मुलीच्या देखत सांगा.

ज्वारीची एक उणीवही सांगितली पाहिजे. तिच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं, आणि शिजवल्यावर ही प्रथिनं पचायला जरा जड होतात. डाळी आणि कडधान्यांत लायसिन भरपूर. म्हणून नुसती भाकरी-चटणी पोट भरते, स्नायू पुरता भरून काढत नाही. भाकरी-पिठलं, भाकरी-वरण, भाकरी आणि मटकीची उसळ, भाकरी आणि हुलग्याचं माडगं या जोड्यांत एकाची उणीव दुसरा भरतो. जोडीला दही किंवा ताक असलं की आणखी चांगलं. जिल्ह्यात आता खरिपाला शेतांमधून सोयाबीन उभं असतं. त्यात शंभर ग्रॅमला ३६ ग्रॅमच्या वर प्रथिनं, पण जवळजवळ सगळं पोत्यांत भरून बाजारात जातं. भाजून, ज्वारी-गव्हात दहाव्या हिश्शाने दळून आणलं तर भाकरीची आणि पोळीची चव बिघडत नाही. कच्चं मात्र दळू नये. त्यातले काही घटक प्रथिनांचं पचन रोखतात आणि ते उष्णतेनेच निकामी होतात.

आपल्या भागात वर्षातून एक दिवस असा येतो, की त्या दिवशी सगळा जिल्हा खेळाडूचं जेवण जेवतो. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिव-सोलापूर पट्ट्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो : मार्गशीर्ष अमावस्येला घरदार शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि रानातच पंगती बसतात. ताटात भज्जी असते. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, गाजर, बोरं, चिंच आणि वर डाळीच्या पिठाचा लगदा. बरोबर बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, तिळाची पोळी. आणि बिंदगीतून ओतलेली आंबील : ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, ताक, मीठ, जिरं, लसूण घालून केलेली.

या ताटाकडे खेळाडूच्या नजरेने पाहा. पाच-सहा कडधान्यं आणि धान्य एकत्र आली, प्रथिनांची जोडी जमली. पालेभाजीच्या लोहाला चिंच-बोरांची आंबट साथ मिळाली. तिळातून कॅल्शियम आलं. आंबिलीत पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही एकाच पेल्यात, वर आंबवल्यामुळे पचायला हलकी. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात १९६५ मध्ये फुटबॉल खेळाडूंसाठी पाणी, मीठ आणि साखर यांचं पेय तयार केलं गेलं, त्यातून गेटोरेड आलं आणि जगभर विकलं गेलं. आंबिलीचं तत्त्व त्याहून फार निराळं नाही. आपण मात्र तिला सणापुरतं ठेवलं. चैत्र-वैशाखात बालाघाटच्या पठारावर ऊन चाळिशीच्या वर जातं, तेव्हा उन्हाळी शिबिरात आंबिलीची घागर का दिसत नाही, हा प्रश्न मला पडतो. उन्हाळ्यात ती लवकर आंबट होते, म्हणून सकाळी केलेली दुपारपर्यंत संपवावी, एवढंच पथ्य.

घामाचा हिशेब सोपा आहे. सरावाच्या आधी आणि नंतर, ओले कपडे काढून, वजन करायचं. एक किलो कमी भरलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पातळ पदार्थ पोटात गेले पाहिजेत, आणि त्यात मीठ हवं. ताक, आंबील, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, काहीही चालेल. नुसतं पाणी ढसाढसा प्यायलं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

आता वेळेकडे येतो, कारण खरी गळती तिथे आहे. मुली पहाटे सरावाला येतात त्या बहुतेक चहा आणि बटर खाऊन, काही नुसत्या चहावर. सकाळचा सराव संपला की शाळेची घाई. संध्याकाळचा सराव साडेसहाला संपतो, घरी जेवण नऊच्या पुढे होतं. मधले अडीच तास दमलेला स्नायू तोंड उघडून बसलेला असतो. स्वीडनमधला तो पाय आठवा. खेळ संपल्यावर पहिल्या एक-दोन तासांत थोडी प्रथिनं आणि बऱ्यापैकी कर्बोदकं मिळाली तर भरपाई लवकर सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पळायचं असेल तर हे तास फार मोलाचे. प्रथिनांचं माप किलोला पाव ते ०.३ ग्रॅम, म्हणजे आपल्या मुलीला १३ ते १५ ग्रॅम. दोन मुठी फुटाणे, गुळाचा खडा आणि घरी पोचल्यावर पेलाभर दूध, की झालं. सोबत केळं मिळालं तर उत्तम. फुटाण्याची पुडी दप्तरात दोन दिवस राहिली तरी बिघडत नाही. पहाटेसाठी रात्रीची अर्धी भाकरी दुधात कुस्करून किंवा गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू, एवढंही चहा-बटरपेक्षा कितीतरी बरं.

चहाचा आणखी एक दोष आहे. तो जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोह शरीरात पुरेसं शिरू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशभरातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये हे प्रमाण ५९.१ टक्के होतं. लोह म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा गाभा. ते कमी असलेली मुलगी आळशी दिसते, सराव टाळते, ‘‘हिच्यात दम नाही’’ असं ऐकते. दम नसतोच, पण तो तिचा दोष नव्हे. पंधरा-सोळाच्या मुलीला रोज सुमारे ३० मिलिग्रॅम लोह लागतं. पाच भाकरींच्या पिठातून १४ मिळतं, तेही कागदावर, कारण धान्यातलं लोह थोडंच शोषलं जातं. जेवणात लिंबू पिळलं, पेरू किंवा आवळा खाल्ला तर ते वाढतं. गुळाने रक्त वाढतं हा समज घट्ट आहे, पण रोजच्या खडाभर गुळातून एक मिलिग्रॅमही लोह मिळत नाही. मांसाहारी घरात मटण आणि काळीज हा फार चांगला आधार, आणि उस्मानाबादी शेळी तर याच मातीतली. तरीही वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावं, आणि गोळ्या लागल्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. ताटाने सगळंच भरून निघत नाही.

याहून अवघड विषय पाळीचा. खेळायला लागल्यापासून पाळी लांबली किंवा थांबली, तर अनेक मुली आणि त्यांच्या आयाही सुटकेचा श्वास टाकतात. स्पर्धेत कटकट नको. पण खर्च होते तेवढी ऊर्जा ताटातून न मिळाल्याची ती पहिली खूण असू शकते. शरीर तंगीत आलं की आधी पाळीचा खर्च कापतं आणि मग हाडांचा. पायाच्या नळीत बारीक भेगा पडतात, त्या साध्या क्ष-किरण फोटोत लवकर दिसतही नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला एकत्र नाव दिलं, खेळातली सापेक्ष ऊर्जा-तूट. मुलांनाही ती होते, मुलींमध्ये तिची खूण दिसते एवढंच. म्हणून सरावाच्या वहीत मुलीने स्वतःच पाळीची तारीख लिहावी. तीन महिने चुकली तर डॉक्टरांकडे जावं आणि तोवर ताट वाढवावं.

सरकारी व्यवस्थेत एक खिंडार आहे, ते लोकांच्या फारसं ध्यानात येत नाही. शाळेतला पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंत. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यातून रोज ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. नववीत गेलं की ते ताट बंद. नेमकी तेव्हाच मुलगी जिल्ह्याच्या संघात येते, सराव दोन वेळचा होतो आणि शरीर वाढीच्या ऐन भरात असतं. ज्या घरात दुपारचं जेवण शाळेवर सोडलेलं होतं, तिथे नववीच्या जूनमध्ये दिवसाचं एक जेवण गुपचूप कमी होतं. शाळेतल्या खेळाडू मुलींपुरतं तरी हे ताट दहावीपर्यंत चालू ठेवणं ग्रामपंचायतीला, शिक्षकांना, माजी खेळाडूंना अशक्य नाही. पंचवीस मुलींचे फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ यांचा महिन्याचा खर्च एका जेवणावळीपेक्षा कमी येतो.

नवरात्राबद्दल जपून लिहितो, कारण तुळजापूर याच जिल्ह्यात आहे आणि नऊ दिवसांचा उपवास इथे मनापासून धरला जातो. पावसाळ्यानंतरचे ते दिवस शालेय स्पर्धांच्या मोसमातले. उपवास सोड, असं मी कुणाला सांगणार नाही. मात्र साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसं काही नसतं, त्यावर नऊ दिवस पळणं शरीराला झेपत नाही. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दूध, दही, ताक, केळी यांवर भर दिला तर उपवासही राहतो आणि सरावही. भगर निवडून, धुऊन, ताजी घ्यावी. बुरशी लागलेल्या भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात दरवर्षी येतात. आणि निर्जळी असेल त्या दिवशी सराव नको, हे प्रशिक्षकाने स्वतःहून सांगावं.

भुकटीचे डबे विचारणारे पालक आता तालुक्याच्या गावातही भेटतात. ज्या घरात पाचवी भाकरी आणि पेलाभर दूध अजून पोचलेलं नाही, तिथे त्या पैशांचं दूध, अंडी, शेंगदाणे घ्यावेत. शिवाय अशा काही डब्यांत लेबलावर नसलेली द्रव्यं सापडतात आणि उत्तेजक चाचणीत खेळाडू अडकतो. शिक्षा तिला होते, डबा विकणाऱ्याला नाही.

राहिला स्पर्धेचा प्रवास. नाशिक असो की सांगली, मुली एसटीने किंवा रेल्वेने जातात, दिवसाला दोन-दोन सामने खेळतात आणि मध्ये वडापाववर भागवतात. तळलेलं पोटात रेंगाळतं आणि दुसऱ्या सामन्याला जडपणा येतो. आपल्या आज्या यात्रेला जाताना बरोबर काय बांधून घ्यायच्या? धपाटे. ज्वारीचं पीठ, त्यात डाळीचं आणि थोडं गव्हाचं, कांदा नको कारण तो टिकत नाही, लसूण, तीळ, ओवा, हळद, तिखट. पाण्याऐवजी दह्यात मळले तर दोन दिवस मऊ राहतात. धान्य आणि डाळ एकाच घडीत. सामन्याच्या अडीच-तीन तास आधी दोन धपाटे, दोन सामन्यांच्या मध्ये एक आणि केळं, संध्याकाळी मुक्कामी वरण-भात. बारा मुलींच्या संघाला दोन दिवसांसाठी पाऊणशेच्या आसपास धपाटे लागतात. दोन आया बसल्या तर एका दुपारात होतात, आणि फडक्यात बांधून एसटीच्या सीटखाली मावतात.